वरची मूठ

माझ्या वहिनींच्या उजव्या मुठीत पंचावन्न ग्रॅम तांदूळ मावतात. घाईत असल्या तर पन्नास, कुणी कौतुक केल्यामुळे खुशीत असल्या तर साठ-बासष्ट. हे मी अंदाजाने सांगत नाही, काट्यावर मोजलेलं आहे. मी बालाघाटला शाळेत गणित शिकवतो, तेही हिंदीतून. आयुष्यात ज्या मोजक्या गोष्टी मी नीट मोजल्या त्यांत ही मूठ एक आहे. एवढं मोजूनही या प्रकरणात माझं गणित नेमकं कुठल्या पायरीला चुकलं ते मला अजून सापडलेलं नाही. सगळ्या पायऱ्या लिहून काढा म्हणजे चूक दिसते, असं मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो, म्हणून आता स्वतः लिहायला बसलो आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन पाच वर्षं झाली. त्या खैरलांजीच्या बाजूला आमच्या गावीच राहतात आणि तीन एकर धानाची शेती स्वतः पाहतात. आमच्या भागात चिन्नोर नावाचा तांदूळ होतो. दाणा बारीक, आणि चुलीवर चढला की शेजाऱ्यांना कळतं आज यांच्याकडे काय शिजतंय. पण पीक म्हणून तो फार लाडावलेला. उशिरा येतो, उंच वाढतो, वारा सुटला की आडवा होतो, आणि उतारा म्हणाल तर दुसऱ्या धानाच्या निम्मा. वारासिवनीच्या मिलवर नेला तर सगळं धान एकाच ढिगात जातं, वास कुणी घेऊन पाहत नाही. त्यामुळे गावात एकेकाने तो सोडून दिला. वहिनींनी सोडला नाही. "वास नाई तं भात काहून खावा मानसानं?" एवढंच त्यांचं म्हणणं.

पण भाऊ गेल्यावर त्यांनाही परवडेना. तेव्हा त्यांनी मला सरळच सांगितलं, की दोनेक वर्षं पाहते, तांदळाला गिऱ्हाईक भेटलं तर चिन्नोर लावते, नाही तर तीनही एकरात जाडा, म्हणजे जाड दाण्याचं साधं धान, टाकते. एक हंगाम चिन्नोर लावला नाही की त्याचं बी गेलं, कारण जुनं बी नीट उगवत नाही, आणि गावात दुसऱ्या कुणाच्या घरी ते उरलेलंच नव्हतं. म्हणजे आमच्या गावचा चिन्नोर राहणार की जाणार हे गिऱ्हाइकावर आलं होतं, आणि ते शोधायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं, कारण घरात मास्तर मी.

गिऱ्हाईक मी शोधलं नाहीच. ते माझ्या पुतणीने, म्हणजे वहिनींच्या लेकीने शोधलं. ती नागपूरला नोकरीला आहे. दिवाळीत आली तेव्हा माझ्या मोबाईलवर तिने एका विक्रीच्या साईटवर आमचं दुकान उघडून दिलं. सुपात तांदूळ पसरून फोटो काढले, वर्णन लिहिलं, माझं नाव, माझं बँकखातं, सगळं भरलं. "काका, कुछ नहीं करना है. ऑर्डर आएगा, पैक करो, भेज दो," असं हिंदीत सांगून ती निघून गेली. मला ते खरं वाटलं. दुकानाला भाडं नाही, पाटी नाही, गल्ल्यावर बसायचं नाही. मी तर शाळेत इतर मास्तरांना सांगत फिरलो, की दुकान असावं तर असं.

आमची पद्धत ठरून गेली. वहिनी तांदूळ निवडून एकेक किलोच्या पिशव्या भरायच्या आणि तोंडाला दोरा बांधायच्या. शनिवारी मी मोटारसायकलने जाऊन पिशव्या आणायचो. रविवारी सकाळी घरी बसून त्या यंत्राने चिकटवायचो, खोक्यात घालायचो, वर साईटने पाठवलेली पत्त्याची चिठ्ठी लावायचो आणि सोमवारी शाळेत जाता जाता कुरिअरवाल्याकडे टाकायचो. पहिली ऑर्डर बेंगळुरूहून आली. वहिनींनी विचारलं, ते किती दूर आहे? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढ्या दूर जाईपर्यंत वास राहील का? वास राहिला. तिथल्या माणसाने तसं लिहूनही पाठवलं.

मग पुणं, इंदूर, भोपाळ, नागपूर, हैदराबाद. गिऱ्हाइकं साईटवर दोन-चार ओळी लिहायची आणि मी शनिवारी त्या वहिनींना वाचून दाखवायचो. हिंदी, इंग्रजी, क्वचित मराठी. वहिनी त्या माणसांना गावावरून ओळखायला लागल्या. "पुन्याच्या बाईनं काय लिवलं?" "इंदूरवाले यंदा आले नाईत काय जी?" जणू काही ती सगळी मंडळी वारासिवनीच्या बसमधून उतरून यांच्या ओसरीवर बसून गेलेली. आणि बहुतेकांच्या लिहिण्यात एक वाक्य हमखास असायचं, की तांदूळ वजनापेक्षा जास्त निघाला.

जास्त निघायचाच. आमच्याकडे खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, मग दोन, तीन. आणि माप पुरं झालं की घेणाऱ्याच्या पदरात आणखी एक मूठ टाकायची. ती मोजायची नाही. तिचा हिशेब कुणी ठेवत नाही आणि ती मागायचीही नसते. वहिनींचं लहानपण खळ्यावर गेलेलं. किलोचं माप भरलं, काठावरून हात फिरवला, पिशवीत ओतलं, की त्यांचा उजवा हात आपोआप टोपल्यात जायचा आणि वरची मूठ पिशवीत पडायची. मला त्यात कौतुक वाटायचं. दुकान माझ्या नावावर होतं, त्यामुळे ती मूठ आपणच देतोय अशीही थोडी ऐट वाटायची, हे कबूल करतो.

वर्षभराने साईटचा पहिला संदेश आला. तुम्ही सांगितलेलं वजन आणि आमच्या यंत्रावर भरलेलं वजन यांत फरक आहे. मी दुर्लक्ष केलं. दुसरा आला, तिसरा आला. मग मी एका रविवारी घरातला छोटा काटा काढून बसलो. पिशवी, खोकं, चिकटपट्टी, सगळं वेगवेगळं मोजलं आणि मला कळलं की फरक म्हणजे वहिनींची मूठ.

उपाय सोपा वाटला. साईटवर वजन वाढवून लिहायचं. लिहिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा संदेश, आता काही पार्सलं लिहिलेल्यापेक्षा कमी भरत होती आणि काही जास्त. मूठ ती, साचा नव्हे. एका पिशवीत पन्नास, दुसरीत साठ. प्रत्येक फरकाची आमच्या दुकानाच्या नावावर एक चूक नोंदली जात होती, आणि अशा चुका वाढल्या तर दुकान बंद होईल असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी त्यांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. बऱ्याच वेळाने एक मुलगी बोलली, फार गोड.

"सर, पैकेट पर एक किलो लिखा है?"

"हां."

"तो सर, एक किलो ही होना चाहिए."

"मैडम, हम ज़्यादा दे रहे हैं. कम नहीं दे रहे."

"सर, ज़्यादा भी गलत है."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे सगळ्यात वाईट. मी स्वतः मुलांचे अर्धे गुण कापतो उत्तर थोडं जास्त आलं तर. पण मग खळ्यावर बसलेली माझी आजी, आई, वहिनी, या सगळ्यांचं उत्तर इतकी वर्षं चूकच येत होतं की काय? मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून मी बायकोवर काढला. तिने तो घेतला नाही.

शनिवारी वहिनींना म्हटलं, "वहिनी, मूठ बंद करा जी. ते मोबाईलवाले बोंबलून राह्यले."

"काहून? कमी पडून राह्यली काय?"

"नाई. जास्त होऊन राह्यली."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आजारी-बिजारी आहे का. "जास्त भेटलं मनून कोनी बोंबलते काय?"

"त्याइच्या यंत्रात बसत नाई. एक किलो लिवलं तं एक किलोच पायजे. बरोबर."

"बरोबर म्हंजे कमीच नं, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि पुढची पिशवी घेतली. माप ओतलं. हात टोपल्यात गेला. मी तो पाहत होतो आणि त्यांना माहीतही नव्हतं की तो गेला. मूठ पिशवीत पडली, दोरा बांधला. दोन शनिवार मी समजावलं. तिसऱ्या शनिवारी त्या वैतागून म्हणाल्या, "मूठ नाई टाकली तं मले वाटते पिशवी उघडीच राह्यली."

तेव्हा मी जे केलं ते मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं. साईटवरचं वजन पुन्हा पहिल्यासारखं लिहिलं. रविवारी सकाळी पिशव्या चिकटवण्याआधी मी प्रत्येकीचा दोरा सोडायचो, पिशवी काट्यावर ठेवायचो आणि चमच्याने तांदूळ काढत काढत आकडा बरोबर एक हजारावर आणायचो. एक दाणा जास्त नाही. काढलेले तांदूळ एका स्टीलच्या डब्यात. वहिनींना सांगायची गरज वाटली नाही. त्यांची मूठ त्यांनी टाकलेली होती, साईटचं वजन साईटला मिळत होतं, आणि दोघांच्या मध्ये मी बसलेलो होतो. संदेश थांबले. महिनाभराने साईटने आमच्या दुकानाला एक हिरवी खूणसुद्धा दिली. मी ती वहिनींना दाखवली. त्या म्हणाल्या, "पाहा, मूठ काही आडवी आली नाई."

डब्याचं काय करायचं हे बायकोने विचारलं तेव्हा मी म्हटलं, ठेव, वहिनींना परत नेऊन देऊ. हे मी मनापासून म्हटलं होतं. पण परत नेऊन द्यायचे म्हणजे काय सांगून द्यायचे? एक शनिवार गेला, दोन गेले. डबा भरला. मग एकदा घरी पाहुणे आले, बायकोने त्यातलेच शिजवले, सगळ्यांनी भाताची तारीफ केली आणि मीही दोनदा वाढून घेतला. त्यानंतर तो डबा कधी भरायचा आणि कधी रिकामा व्हायचा हे मी पाहायचं सोडून दिलं. रविवारी दुपारी घरात चिन्नोरचा वास यायचा आणि मी जेवायचो.

मग गिऱ्हाइकांची पत्रं बदलली. आधी इंदूरहून एकाने लिहिलं, की पूर्वी जास्त यायचा, आता कमी येतो. मला हसू आलं. कमी कुठे, बरोबर येतोय! मी तसं उत्तरही लिहिलं, की पाकिटावर एक किलो लिहिलंय आणि एक किलोच आहे. मग हैदराबाद. मग भोपाळ. मग पुण्याच्या त्या बाईंनी मराठीत लिहिलं: "आता तुम्हीही इतरांसारखेच झालात. तांदूळ कमी भरता." जुनी माणसं, दीड-दोन वर्षं घेणारी. त्यांच्या डब्याला वहिनींच्या पिशवीची सवय झाली होती. पिशवी ओतली की डबा कुठपर्यंत भरतो हे त्यांना माहीत होतं, आणि आता तो तिथपर्यंत भरत नव्हता. काहींनी साईटकडे तक्रार केली. माल कमी भरला.

ही पत्रं मी वहिनींना वाचून दाखवली नाहीत. त्यांनी विचारलं तर सांगायचो, यंदा लोक लिहीत नाहीत फार.

माघात एक दिवस मधल्या सुट्टीत मोबाईल उघडला तर दुकान नव्हतं. दुकानाच्या जागी एक पत्र होतं. मी ते पाच वेळा वाचलं. त्यात आमचे दोन अपराध दिले होते. पहिला, सुरुवातीच्या काळात सांगितल्यापेक्षा जास्त वजनाचा माल पाठवणे. दुसरा, ग्राहकांच्या म्हणण्यानुसार कमी माल भरणे. दोन्ही एकाच पत्रात, एकाखाली एक, आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटलेलं दिसत नव्हतं. मी ते पत्र रसायनशास्त्राच्या मास्तरांना वाचायला दिलं. ते म्हणाले, आप पहले तय कर लीजिए, ज़्यादा दिया या कम? मला ते ठरवता येईना. दोन्ही दिलं होतं आणि दोन्ही वेळी आपण बरोबरच करतोय असं मला वाटत होतं.

मी दाद मागितली. त्यांनी माल भरतानाचा व्हिडिओ मागवला. मी काट्यावर एक हजार ग्रॅम भरून दाखवणारा व्हिडिओ पाठवला. तो बघून कुणी माणूस बसला होता की नाही देव जाणे. दोन दिवसांनी उत्तर आलं, विचार केला गेला, निर्णय बदलणार नाही. पुन्हा फोन केला. या वेळी दुसरी मुलगी, तीही गोडच. तिने मला माझं दुकान अस्तित्वात नसल्याचं सांगितलं. ज्या क्रमांकावरून मी बोलत होतो तो तिच्याकडे कुठेच नव्हता. मी म्हटलं, मैडम, दो साल से आपके यहां बेच रहे हैं. ती म्हणाली, सर, सिस्टम में नहीं दिख रहा.

चार-सहा दिवस मी वहिनींना सांगितलं की मोबाईल बिघडला आहे. पण कणगीत तांदूळ पडून होता, वाण्याकडे जाडा घेऊन जाणारे रोज दारावरून जात होते, आणि चिन्नोरचं बी पुढच्या हंगामाला ठेवायचं की नाही हे त्यांना ठरवायचं होतं. एका शनिवारी मला बोलावंच लागलं. म्हटलं, दुकान बंद झालं, लोकांनी तक्रार केली.

"कशाची?"

"तांदूळ कमी भरते म्हने."

त्या आपला उजवा हात पुढे धरून पाहायला लागल्या, उलटा-सुलटा करून. मला वाटलं काही लागलंय. मग म्हणाल्या, "हात लहान झाला काय जी माहा?"

मला कळेचना त्या काय म्हणतायत.

"मागल्या थंडीत बोटं आखडली व्हती. मूठ पुरी मिटत नसन. मले समजलं नाई." त्यांनी टोपलं ओढलं, मूठ भरली, उघडली, पाहिली, पुन्हा भरली. "पुन्याची बाई बी म्हने काय, कमी हाये तं?"

"हौ," मी म्हटलं.

"काटा हाये काय तुमच्याजवळ? काढा बरं."

काटा माझ्या पिशवीत होता, दुकान गेल्यापासून तिथेच पडलेला. मी काढला. त्या एकेक मूठ ठेवत गेल्या आणि मी आकडा वाचत गेलो. पंचावन्न. अठ्ठावन्न. छप्पन. पंचावन्न. आकडे त्यांनाही वाचता येत होते, पण त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, मी खोटं वाचतोय का म्हणून. दहा-बारा मुठी झाल्यावर त्या थांबल्या.

"मूठ तं पुरी हाये," त्या म्हणाल्या. "मंग कमी कुठं गेलं?"

इतका साधा प्रश्न मी कुठल्या परीक्षेत घातला असता तर एकाही मुलाला अडला नसता. मला लाज वाटली. त्यांच्या हाताकडे पाहवेना. मी म्हटलं, "मी काढत होतो वहिनी. वजन बरोबर कराले."

"किती दिवस?"

"सहाएक महिने."

"आन् त्याचं काय केलं?"

"खाल्ले."

कोंबडी टोपल्यापाशी आली होती, तिला त्यांनी हाकललं. मग विचारलं, "कसे लागले?"

"चांगले."

"लागनच. लोकाईचे व्हते."

त्यानंतर त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यालो. मी त्यांना सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला: यंत्र, चुका, बारीक अक्षर, ज़्यादा भी गलत है. त्या हौ हौ म्हणत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते मोबाईलवाल्याचं राहू द्या. ज्याइची मूठ काढली त्याइची नावं सांगा."

नावं माझ्याकडे नव्हती. साईट पत्त्याची चिठ्ठी द्यायची, मी ती खोक्यावर चिकटवायचो, खोकं जायचं. फोन नंबर साईट दाखवतच नव्हती. जुन्या ऑर्डरी दुकानाच्या आत होत्या आणि दुकान गेलं होतं. लोकांची पत्रंही त्याच्याबरोबर गेली. दोन वर्षं ज्या माणसांच्या भाताची आम्ही चौकशी करत होतो, त्यातल्या एकाचंही घर मला माहीत नव्हतं. आणि ती माणसं आता आमचं दुकान शोधत असतील, त्यांना ते सापडत नसेल, तर कमी माल देऊन पळाले असंच त्यांना वाटणार. हे वहिनींना सांगताना मला पहिल्यांदा कळलं. तोवर मला वाटत होतं की गिऱ्हाइकं आमची आहेत.

माझ्याजवळ फक्त कुरिअरच्या पावत्या होत्या. त्यांवर पार्सलचा क्रमांक आणि गाव. वहिनींनी त्या सहा महिन्यांच्या पावत्या आणायला लावल्या आणि मला मोजायला लावल्या. एकशे अडतीस भरल्या. पुढच्या शनिवारी गेलो तर ओसरीवर कागदाच्या एकशे अडतीस पुड्या बांधून ठेवलेल्या. प्रत्येकीत एक मूठ चिन्नोर.

"यावर गाव लिवा," त्या म्हणाल्या. "आन् नेऊन द्या ज्याचं त्याले."

"वहिनी, पत्ते नाई जी. नुसतं पुणे लिवून पुण्यात कोनाले भेटन?"

"ते तुमी पाहा. खाल्ले तुमी नं?" मग बियाच्या कणगीकडे हात करून म्हणाल्या, "लोकाईचं दिल्याबिगर हे बी मातीत नाई पडनार. कमी मापाचं धान मी लावत नाई."

मी बसलो आणि लिहीत गेलो. पुणे. पुणे. इंदूर. नागपूर. भोपाळ. पुणे. हैदराबाद. शाळेत एखाद्या मुलाने असलं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. तरी मी एकशे अडतीस वेळा लिहिलं, कारण त्या समोर बसून पाहत होत्या.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. साईटला पत्र लिहिलं, की आम्हाला काही विकायचं नाही, लोकांना तांदूळ द्यायचाय, फक्त पत्ते द्या. उत्तर आलं, ग्राहकांची खाजगी माहिती देता येत नाही. हेही बरोबरच. कुरिअरवाल्याला विचारलं, त्याने क्रमांक टाकून पाहिले, दोन-तीन महिन्यांपलीकडचं दिसत नाही म्हणाला, आणि जे दिसतं ते द्यायला त्याची नोकरी तयार नव्हती. पुतणीने इंटरनेटवर लिहिलं, की आमच्याकडून चिन्नोर घेणाऱ्यांनी संपर्क करावा. तिला नवे तांदूळ मागणारे तीनजण भेटले, जुना कुणी नाही. दर शनिवारी वहिनी विचारायच्या, किती गेल्या? मी सांगायचो, पाहून राह्यलो.

चैत्र गेला, वैशाख गेला. बी कणगीत तसंच. या वर्षी मातीत पडलं नाही तर संपलं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मला वाटायचं, शेवटी त्या स्वतःच नरमतील. त्या काय नरमतात! त्यांनी तीन एकराला पुरेल एवढं जाड्याचं बी आणून ठेवलं होतं.

मृग लागल्यावर शाळा उघडली त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभा होतो. आत मुलं वर्गमूळ काढत होती.

"परे टाकाचे हायत," त्या म्हणाल्या. धानाचं बी आधी एका वाफ्यात दाट टाकतात, ती रोपं म्हणजे परे. "उद्या भिजवते बी. कोनतं भिजवू सांगा. गेल्या काय जी पुड्या?"

"हौ," मी म्हटलं. "गेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"लोकं काई बोलले?"

"नाई. काहीच नाई बोलले."

त्या म्हणाल्या, "बरं झालं, भाऊजी. माह्या डोक्यावरचं गेलं." आणि फोन ठेवला. मी वर्गात जाऊन फळ्यावरचं उदाहरण पुढे सुरू केलं, ते कुठपर्यंत आलं होतं हे मुलांना विचारावं लागलं.

गेल्या रविवारी गावी रोवणा होता. चिखल केलेल्या बांधीत बाया ओळीने वाकून परे लावत होत्या. एक पूर्ण एकर चिन्नोर. मला हातावर घेऊन पाहायला लावलं वहिनींनी, रोपाचा बुंधा कसा आहे ते. यंदा कुणाला विकणार, कसा विकणार, काही ठरलेलं नाही. वाण्याकडे गेला तर तो ढिगात घालील. पण बी वाचलं. ते खोट्यावर वाचलं, हे फक्त मला माहीत आहे. पुड्या माझ्या घरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत, गावांची नावं लिहिलेल्या, एकही गेलेली नाही. आधी मी खरं माप देऊन लोकांना फसवलं आणि आता खोटं बोलून धान वाचवलं. यांतलं कुठलं बरोबर आणि कुठलं चूक हे मी मास्तर असून मला सांगता येत नाही.

निघताना वहिनींनी मागच्या वर्षीच्या शिल्लक तांदळाची एक पिशवी माझ्यासाठी भरायला घेतली. मी नको म्हटलं. त्यांनी माप ओतलं, वर एक मूठ टाकली, दोरा बांधला आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता खा बिनघोर. आता कोनाचं देनं नाई."

मी पिशवी घेतली. ती स्वयंपाकघरात ठेवली आहे, आणि बायको रोज विचारते, शिजवू का.